तळेगावला गेलेलं मांजर

आमचं घर कारंज्यात, नागपूर-अमरावती रस्त्याला लागूनच होतं. घरापुढं मोकळी जागा होती आणि संत्र्याच्या हंगामात तिथं ट्रक लागायचे. आसपासच्या बागांतला माल बैलगाड्यांतून यायचा, ट्रकच्या तळाशी गवताचा जाड थर पसरला जायचा आणि त्यावर संत्री ओतली जायची. संध्याकाळपर्यंत सगळं आवार सालींच्या वासानं भरून जायचं. सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि मी शाळकरी होते. मला तेव्हा वाटायचं, थंडीला स्वतःचा वास असतो आणि तो संत्र्याचा असतो.

आमच्याकडची थंडी दिवाळीनंतर दबकत यायची आणि पौषात एकदम अंगावर यायची. एप्रिल-मे महिन्यात भाजून काढणारं गाव ते हेच, यावर विश्वास बसू नये इतका गारठा पडायचा. सकाळी विहिरीतून वाफा निघायच्या. जागोजागी तुराट्यांच्या शेकोट्या पेटायच्या आणि माणसं आधी हात, मग पाठ शेकत, गोल गोल फिरत उभी राहायची.

आई मात्र शेकोटीला कधी दिसायची नाही. थंडी पडली की तिचं लक्ष आधी जनावरांकडं जायचं. आमच्या कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, बैलजोडी होती, एक गाय होती आणि तिचं वासरू होतं. कोठ्याची वाऱ्याकडची बाजू आई कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या उभ्या करून बंद करून घ्यायची. वासराच्या पाठीवर जुनं पोतं टाकून ते पोटाखालून सुतळीनं बांधायची, पण इतकं सैल की उठताबसता त्याला काचू नये. खाली कोरडं कुटार, म्हणजे भुसा, पसरायची आणि दिवस मावळायच्या आत ओलं झालेलं कुटार ओढून काढायची. ओल्यात बसलेलं जनावर पोतं घालूनही गारठतं, असं ती सांगायची. आम्हा मुलांचे स्वेटर तिला कधी कधी दुसऱ्या दिवशी आठवायचे, वासराचं पोतं कधी विसरलं नाही.

या सगळ्यात एक मांजर होतं. राखाडी रंगाचं, अंगावर काळपट पट्टे, एका कानाचा शेंडा फाटलेला. ते कुणी आणलेलं नव्हतं. एका पावसाळ्यात ते वळचणीला येऊन बसलं आणि मग राहिलंच. आमच्या कापसाच्या खोलीत उंदीर फार होते, म्हणून वडिलांनी त्याला हाकललं नाही. मांजर घरात मोकळं यायचं-जायचं आणि थंडीच्या दिवसांत चुलीत झोपायचं. रात्रीचा विस्तव विझला की राख बराच वेळ कोमट राहते. त्या राखेत ते अंगाची गुंडाळी करून बसायचं आणि सकाळी बाहेर यायचं तेव्हा आधीच राखाडी असलेलं अंग आणखी राखाडी झालेलं असायचं. एकदा आईनं अंधारात चूल पेटवली आणि त्याच्या मिशा जळाल्या. त्यानंतर लाकडं घालायच्या आधी ती चुलीत हात घालून चाचपून पाहायची. ही सवय तिला इतकी लागली की मांजर समोर अंगणात बसलेलं दिसत असतानाही तिचा हात आधी राखेत जायचा.

मांजर आमचं होतं, असं आम्ही म्हणायचो. पण ते शेजारच्या सिस्टरबाईंचंही होतं.

आमच्या कुंपणापलीकडं सरकारी दवाखान्याचं एक टिनाच्या छपराचं क्वार्टर होतं. तिथं दवाखान्यातल्या नर्स राहायच्या. सगळं गाव त्यांना सिस्टरबाई म्हणायचं. त्यांचे यजमान आष्टीकडच्या एका शाळेत मास्तर होते आणि शनिवारी घरी यायचे. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात होती. सिस्टरबाई उंच, जाडसर, आवाजानं मोठ्या. दवाखान्यातून परत येताना त्यांच्या अंगाला स्पिरिटचा वास यायचा. माझा धाकटा भाऊ त्यांच्याच हातांवर जन्मला होता. त्या बाळंतपणात आईचं काही खरं नव्हतं आणि सिस्टरबाई दोन रात्री उशाशी बसून होत्या, हे मी पुढं वडिलांकडून ऐकलं. आईनं त्यांना लुगडं दिलं होतं. पण तेही कुंपणावरून.

त्या बौद्ध होत्या. आमचं घर माळकरी. आई त्यांच्याशी कधी वाकडं बोलली नाही, उलट दोघींचं कुंपणावरून बरंच बोलणं व्हायचं. पण आई त्या अंगणात जात नसे आणि त्या आमच्या ओसरीच्या पुढं येत नसत. बुद्धपौर्णिमेला त्यांनी खीर पाठवली तर आई ती हसून घ्यायची, भांडं घासून परत करायची, आणि खीर कोठ्यात गाईपुढं जायची. मला कुणी कधी काही सांगितलं नव्हतं, तरी त्यांच्याकडं पाणी प्यायचं नाही हे मला ठाऊक होतं. खिरीचं काय होतं हे त्यांनाही ठाऊक असणार, कारण एका वर्षानंतर त्यांनी खीर पाठवायचं बंद केलं. बोलणं मात्र पहिल्यासारखंच चालू राहिलं.

मांजराला यातलं काही नव्हतं. सिस्टरबाईंकडं सुकट भाजली की ते आमच्या वळचणीवरून उठून, अंग ताणून, कुंपणातल्या फटीतून पलीकडं जायचं आणि तासाभरानं तोंड चाटत परत येऊन आमच्या चुलीजवळ बसायचं. आईला वास यायचाच. पण ते कुठं जातं आणि काय खातं हे आपल्याला माहीत नाही, असं ती म्हणायची आणि त्याला दूध ओतायची.

सिस्टरबाईंनीही त्याची थंडीची सोय केली होती. दवाखान्यात औषधं यायची ती लाकडी खोकी असत. त्यातलं एक त्यांनी आडवं करून, वाऱ्याकडं पाठ करून, पडवीच्या कोपऱ्यात विटांवर ठेवलं होतं. तोंडाला पोत्याचा पडदा. आत त्यांनी आधी जुन्या गोधडीचा तुकडा घातला होता, पण तो दवानं ओलसर व्हायचा. आईनं कुंपणावरून ते पाहिलं आणि कुटार घाला म्हणून सांगितलं, टोपलंभर दिलंही. खोक्यात सिस्टरबाई एक काचेची बाटली ठेवायच्या. त्या वेळी सलाइन काचेच्या बाटलीतून यायचं. रिकाम्या बाटलीत ऊन पाणी भरून, बूच घट्ट लावून, ती जुन्या पातळात गुंडाळून त्या कुटारात खुपसायच्या. मांजर बाटलीला पोट लावून झोपायचं. त्यांच्या मुलीनं मला हे दाखवलं तेव्हा मला हेवा वाटला, कारण आम्हाला कुणी अशी बाटली देत नव्हतं.

एका वर्षी पौषात आठवडाभर असा कडाका पडला की तुरीची शेतं करपली. वडील सकाळी शेतातून यायचे ते तोंड पाडूनच. कोठ्यात आईनं गोवऱ्या धुपवून धुमी केली, वासराला दुसरं पोतं चढवलं. त्याच दिवसांत आवारात संत्र्याचे ट्रक रांगेनं उभे होते. अमरावती, अकोल्याकडं जाणारे. दिवसभर धावून आलेल्या ट्रकचं इंजिन किती तरी वेळ ऊन राहतं. त्याच्या आसऱ्याला कुत्री चाकांजवळ येऊन पडायची, हे आम्ही रोज बघत होतो. सकाळी एखाद्या ट्रकच्या दवानं भिजलेल्या बॉनेटवर मांजराच्या पावलांचे ठसे दिसायचे, तेही आम्ही पाहिले होते. पण त्यातून पुढं काय होऊ शकतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मांजर दिसेनासं झालं तेही आम्हाला लगेच कळलं नाही. आम्हाला वाटलं, ते पलीकडं ऊन बाटलीपाशी असेल. त्यांना वाटलं, ते आमच्या चुलीत असेल. मग एक दिवस शाळेत सिस्टरबाईंच्या मुलीनं मला विचारलं, तुम्ही आमचं मांजर कोंडून ठेवलं का? तिच्या ‘आमचं’ या शब्दाचाच मला राग आला. मी तिला उलटं बोलले आणि घरी येऊन आईला सांगितलं. आई हातातलं काम टाकून उठली. कापसाच्या खोलीत पाहिलं, माळ्यावर पाहिलं, मग विहिरीच्या कठड्यावरून वाकून बराच वेळ पाण्यात पाहत राहिली. तिथून कुंपणाशी गेली आणि सिस्टरबाईंना हाक मारली. दोघींचं थोडंच बोलणं झालं. दोघींनाही दुसरीवर शंका होती आणि ती दोघींच्या आवाजात कळत होती.

बातमी वडिलांनी आणली. रस्त्यापलीकडच्या ढाब्यावर ते चहाला गेले होते. आधी आमच्या आवारातून माल भरून गेलेला एक ड्रायव्हर परत येताना तिथं थांबला होता. हिंदी बोलणारा माणूस. तो सगळ्यांना गंमत म्हणून सांगत होता की तळेगावला चहासाठी गाडी थांबवली, पाणी बघायला बॉनेट उघडलं, तर आतून एक मांजर उडी मारून बाहेर पडलं आणि हॉटेलामागं पळालं. इतके मैल ते इंजिनाशेजारी बसून आलं होतं. वडील घरी येऊन हे हसत हसतच सांगू लागले. आई तेव्हा पोळ्या लाटत होती.

“कसं होतं दिसाले?” तिनं विचारलं.

“पट्टेवालं म्हने. एक पाय उचलून पळालं. भाजला असन.”

आईनं लाटणं खाली ठेवलं. तव्यावरची पोळी मला उलटायला सांगितली, पदराला हात पुसले आणि बाहेर गेली. मी दारातून बघत होते. ती कुंपणाशी थांबली नाही. फाटकातून रस्त्यावर आली, वळून दवाखान्याच्या फाटकातून आत गेली आणि सिस्टरबाईंच्या अंगणात, दाराशी जाऊन उभी राहिली. आईला त्या अंगणात मी प्रथमच पाहत होते. पोळी करपली.

रविवारी सिस्टरबाईंना सुट्टी होती. आईनं आदल्या दिवशीच सांगून टाकलं की ती त्यांच्याबरोबर तळेगावला जाणार. मांजर आणायला कुणी यष्टीनं जातं का, लोक हसतील, असं वडील म्हणाले. आई म्हणाली, हसू द्या. मग मीही हट्ट धरला, पलीकडून त्यांच्या मुलीनंही धरला, आणि आम्ही चौघी सकाळच्या अमरावती गाडीत बसलो. आईच्या मांडीवर झाकणाचं टोपलं होतं, त्यात बाटलीभर दूध. सिस्टरबाईंच्या पिशवीत डबा आणि दवाखान्यातला मलम-पट्टीचा पुडका. मी आणि त्यांची मुलगी अजून बोलत नव्हतो. खिडकीची काच खाली येत नव्हती आणि वारा असा आत शिरत होता की थोड्या वेळानं आम्ही दोघी आपोआप एकमेकींना चिकटून बसलो.

तळेगावला आष्टीकडं रस्ता फुटतो तिथं ते हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे कुडाच्या भिंती, टिनाचं छप्पर आणि पुढं बाकडी. मालक म्हातारा होता. आम्ही मांजर शोधायला आलोत हे ऐकून त्यानं आधी आमच्याकडं नीट पाहून घेतलं, पण तो हसला नाही, हे विशेष. म्हणाला, मांजर आहे, मागं सरपणाच्या ढिगात राहतं, भट्टीची ऊब तिकडं जाते म्हणून. पण जवळ कुणाला येऊ देत नाही.

मागं बाभळीच्या लाकडांचा मोठा ढीग होता. आम्ही दुपारपर्यंत त्या ढिगापुढं बसलो. आईनं हाका मारल्या, सिस्टरबाईंनी मारल्या. आईनं करवंटीत दूध ओतून ठेवलं, ते एक कुत्रं येऊन पिऊन गेलं. मग सिस्टरबाई काठी घेऊन कुत्र्यांच्या वाटेवर उभ्या राहिल्या. ऊन होतं, पण वारा बोचत होता. लाकडांच्या आत, फार खोल, दोन डोळे दिसायचे आणि मिटायचे. आमचंच ते, अशी खात्री आईला फाटक्या कानावरून पटली. पण दुधाकडं ते बघेना.

सिस्टरबाईंनी पिशवीतून कागदाची पुडी काढली. भाजलेली सुकट होती. वास सुटला तसं मांजर थोडं पुढं सरकलं, पण दोन ओंडक्यांच्या मधल्या फटीत थांबलं. सिस्टरबाईंनी हात घालून पाहिला. त्यांचा हात जाड, कोपराच्या अलीकडंच अडकला. दुसरीकडून प्रयत्न केला, तिथंही तेच. ओंडके ओढले तर ढीग खाली येईल आणि मांजर चिरडेल, असं हॉटेलवाला म्हणाला. आम्ही मुली पुढं झालो, पण भेदरलेलं मांजर चावतं म्हणून सिस्टरबाईंनी आम्हाला मागं ढकललं.

आईचे हात काटकुळे होते. ती काही वेळ त्या फटीकडं पाहत राहिली. मग तिनं गळ्यातली तुळशीची माळ पदराआड सारली आणि सिस्टरबाईंपुढं हात पसरला. त्यांनी तिच्या तळहातावर सुकट ओतली. आईनं तोंड एका बाजूला फिरवलं, दंडापर्यंत हात आत घातला आणि तशीच जमिनीवर आडवी झाली. नवं पातळ मातीत लोळत होतं. किती तरी वेळानं ती हळूच म्हणाली, “खाऊन राह्यलं.” आणखी थोडा वेळ गेला. मग तिच्या चेहऱ्यावरची शीर ताठली आणि हात बाहेर आला तो मांजराला मानेशी धरूनच. मनगटावर रक्ताच्या तीन रेघा होत्या. सिस्टरबाईंनी झटकन पदरानं मांजराचे पाय आवळले आणि दोघींनी मिळून त्याला टोपल्यात घातलं.

पुढच्या एका पायाची गादी भाजून सोलली होती. पोटाचे केस एका बाजूला करपले होते. मांजर हडकलं होतं. सिस्टरबाईंनी तिथंच पाय धुतला, मलम लावला आणि ते चाटू नये म्हणून वर पट्टी गुंडाळली. मग आईच्या मनगटालाही तेच केलं. आई हॉटेलाच्या रांजणाशी जाऊन माती लावून लावून हात धूत राहिली. परत आली आणि हात नाकाशी नेऊन म्हणाली, वास काही जात नाही. तिच्या आवाजात तक्रार होती असं मला वाटलं, पण ती हसत होती.

भुकेनं आमचे जीव चालले होते. आईनं मांजरासाठी दूध आणलं होतं आणि आमच्यासाठी काही आणायचं विसरली होती. सिस्टरबाईंनी बाकड्यावर डबा उघडला. दोन कप्पे होते. त्यांनी वरचा कप्पा बाजूला काढून आईसमोर सरकवला.

“वहिनी, हे ज्वारीची भाकर अन् वांग्याची भाजी हाये. सकाळी वेगळ्या भांड्यात केली,” त्या म्हणाल्या. “तुमाले नसन खायचं तर राहू द्या. पण पोरीले खाऊ द्या. लेकरू सकाळपासून उपाशी हाये.”

त्या हे विनवणीनं म्हणाल्या नाहीत. दवाखान्यात पेशंटला सांगावं तसं सरळ सांगितलं आणि स्वतःच्या मुलीला वाढायला लागल्या. मी आईकडं पाहिलं. आईनं माझ्याकडं पाहिलं नाही. ती रस्त्याकडं बघत होती. एक ट्रक गेला, त्याची धूळ खाली बसली. मग तिनं भाकरी उचलली, अर्धी मोडून मला दिली आणि उरलेली स्वतःपुढं ओढली.

“मीबी जेवतो,” ती म्हणाली. “तिखट जास्त नाई ना?”

भाजी तिखट होती. आईच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ती नाक ओढत जेवत राहिली. त्या भाजीत शेंगदाण्याचा कूट होता, आमच्याकडं घालत नसत. मी दोन भाकरी खाल्ल्या. आम्ही मुली त्या वेळेपासून पुन्हा बोलायला लागलो, कशावरून ते आठवत नाही.

परतीच्या गाडीत मांजर इतकं ओरडलं की कंडक्टरनं टोपलं टपावर ठेवायला सांगितलं. आई आणि सिस्टरबाई एकदमच बोलायला लागल्या. वर वारा लागेल, पाय भाजलाय, एवढा त्रास करून आणलंय. कंडक्टर एकीकडं बघायचा, मग दुसरीकडं. शेवटी पुढं निघून गेला आणि कारंजा येईपर्यंत आमच्या बाजूला फिरकला नाही.

मांजर कुठं ठेवायचं, हा प्रश्न घरी आल्यावर निघाला. पट्टी बांधलेल्या मांजराला बाहेर ठेवणं शक्य नव्हतं. क्वार्टरचं टिनाचं छप्पर संध्याकाळपासूनच बर्फासारखं व्हायचं. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंती मातीच्या, जाड, आणि चुलीची ऊब तिथं टिकायची. सिस्टरबाईंनी स्वतःच सांगितलं की ते आमच्याकडंच बरं. पण पट्टी रोज बदलावी लागणार होती. पहिल्या दिवशी त्या दवाखान्यातून येऊन सवयीनं कुंपणाशी उभ्या राहिल्या. आई मांजराला घेऊन बाहेर आली नाही. तिनं आतूनच हाक दिली, “आत या, सिस्टरबाई. इथं उजेड चांगला हाये.”

सिस्टरबाई ओसरीपर्यंत आल्या, चपला काढल्या आणि थोड्या थांबल्या. आई चुलीपाशी मांजराला मांडीवर घेऊन बसली होती आणि तिनं शेजारी पाट मांडला होता. त्या आत आल्या. नंतर रोज येत राहिल्या. पट्टी बदलायला वेळ लागायचा नाही, पण चहा व्हायचा, मग बोलणं व्हायचं. सिस्टरबाईंनी आमच्या चुलीजवळ आडवी फळी उभी करायला सांगितली, म्हणजे जखमी मांजर विस्तवाकडं सरकणार नाही. वडिलांनी ती कापून आणली. या येण्याजाण्याबद्दल ते चांगलं-वाईट काहीच बोलले नाहीत. फळी मात्र त्यांनी रंधा मारून गुळगुळीत केली होती.

गावात बोलणं झालं. विहिरीवर एका बाईनं आईला विचारलंच की सिस्टरबाईंचं पाऊल चुलीपर्यंत आलं का आता. आई बादली ओढत होती. ती म्हणाली की माझा पोरगा जन्मला तेव्हा मला धरून कोण बसलं होतं ते आठवतं का? तू आली होतीस का? मग बादली उचलून चालायला लागली. मी तिच्या मागं होते. घरी आल्यावर तिनं पाणी ओतलं ते अर्धं बाहेरच सांडलं. आईला असली बोलणी जड जायची. तिचं सगळं जुनं सुटलं असंही नाही. चैत्रात सणाच्या स्वयंपाकाच्या दिवशी ती थोडी अवघडायची आणि सिस्टरबाई त्या दिवशी आपणहून येत नसत. पण पुढल्या बुद्धपौर्णिमेला खीर आली, आणि ती गाईपुढं गेली नाही.

मांजराचा पाय बरा झाला, थोडं लंगडं राहिलं. आईनं मग ट्रकवाल्यांच्या मागं लागायला सुरुवात केली. थंडीत सकाळी गाडी काढायच्या आधी ती दारातून ओरडून सांगायची, बॉनेट ठोका, आत पाहा. ड्रायव्हरांना मराठी येवो न येवो, हातानं करून दाखवायची. कुणी हसायचे, कुणी वैतागायचे. पण पुढं पुढं नेहमीचे ड्रायव्हर आम्हाला बघितलं की आपणहून बॉनेटवर थाप मारायचे. एका सकाळी तसं ठोकल्यावर खरंच एक मांजरी बाहेर पडली. आमची नव्हती. ड्रायव्हरनं आईकडं बघून हात जोडले. तिनं त्या दिवशी सगळ्यांना ही गोष्ट सांगितली, शेकोटीवर जाऊनसुद्धा.

चार-पाच हिवाळे असे गेले. थंडी पडायला लागली की दोघी मिळून तयारी करायच्या. खोकं उन्हात वाळवायचं, कुटार बदलायचं, पोत्याचा पडदा नवा शिवायचा. मांजर दोन्हीकडं राहायचं आणि त्याचा हक्क कुणाचा, हा वाद मिटला नसला तरी त्यात जोर राहिला नव्हता.

मग ऐंशीच्या दशकाच्या मध्यात सिस्टरबाईंची बदली झाली, सेलूला. सामान ट्रकमध्ये चढत असताना त्यांची मुलगी मांजराला कवटाळून बसली होती. आईनं टोपलं आणून दिलं, न्या म्हणाली. सिस्टरबाईंनी थोडा विचार केला आणि नको म्हणाल्या. मांजर म्हातारं झालं होतं, नव्या जागी त्याला कोपरा सापडणार नाही, आणि हिवाळा तोंडावर होता. त्यांनी त्याला आईच्या हातात दिलं. दोघी रडल्या नाहीत. सेलूत पोचल्यावर सामान लावेपर्यंत जेवायचे हाल होतील म्हणून आईनं त्यांच्यासाठी पोळ्यांचा डबा बांधून ठेवला होता, तो देण्याच्या गडबडीत ती होती.

मांजर त्यानंतर दोन हिवाळे काढून गेलं. क्वार्टरमधल्या नव्या बिऱ्हाडाच्या पडवीत जाऊन ते काही दिवस बसायचं, मग येईनासं झालं. शेवटच्या थंडीत त्याचे दात पडले होते. आई त्याला भाकरी दुधात कुस्करून द्यायची. एका सकाळी ते कुटारात तसंच निजलेलं होतं. आईनं त्याला संत्र्याच्या बागेत, बांधाजवळ पुरलं.

त्या वर्षी मी आईबरोबर सेलूला गेले. सिस्टरबाईंच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि आम्ही आदल्या दिवशीच पोचलो. आई तिथं पाहुणीसारखी बसलीच नाही. पदर खोचून बायकांमध्ये गेली आणि भाज्या चिरायला लागली. दुपारी काम सरल्यावर दोघी घरामागं उन्हात बसल्या. मला वाटलं, आई मांजराचं सांगेल. तिनं सांगितलं, पण थोडक्यात. सिस्टरबाई ‘हो का’ म्हणाल्या. मग त्यांनी आईच्या गुडघ्यांचं विचारलं. आई म्हणाली, उठताना फार दुखतात. सिस्टरबाईंनी तिचा पाय स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला, तेलाची वाटी मागवली आणि चोळायला लागल्या. आई आधी नको नको म्हणत होती. नंतर भिंतीला टेकली, डोळे मिटले आणि उन्हातच तिला झोप लागली.